चौसष्ट पानांची पंगत

पावणेतीन. सहा नंबर वॉर्डातून सिस्टर ओडेटचा फोन:
सहा पंप पडद्यावर दिसत नाहीत.
औषध चाललंय, थेंब पडतायत,
पण कुणाला किती, ते चालत जाऊन बघावं लागतंय.
सातव्या वॉर्डातला नळ गोठून फुटला,
तिथल्या खाटा संध्याकाळी तिच्याकडे ढकलल्या.
खाटा मावल्या.
पत्ते मावले नाहीत.

मी बसते ते तागाचं जुनं गोदाम,
डंडीच्या धक्क्यापासून दोन गल्ल्या आत.
सर्व्हरचे पंखे थांबत नाहीत,
भिंतींचा गोणपाटी वास जात नाही.

त्या वॉर्डाला चौसष्ट पानांची पंगत मांडली होती.
पहिलं पान नैवेद्याचं. त्यावर कुणी बसत नाही,
ते अख्ख्या पंगतीचं नाव.
शेवटचंही रिकामं: त्याच्या नावाने हाक मारली
की सगळेच माना वर करतात.
एक दाराशी बसणाऱ्याचं,
जो आतलं बाहेर नेतो, बाहेरचं आत वाढतो.
उरली एकसष्ट.
ओडेट म्हणते, मग सत्तर मांडा ना.
नाही मांडता येत, बाई. इथला हिशेब दुपटीचा:
सोळा, बत्तीस, चौसष्ट,
पुढे एकदम एकशे अठ्ठावीस.
पाहुणे सदुसष्ट आले
तर सहा जण ताटकळत उभे.

उभा राहिलेला पंप थोडा वेळ विचारतो, कुठे बसू?
उत्तर नाही आलं
की स्वतःच स्वतःला एक पत्ता देतो,
१६९.२५४ ने सुरू होणारा,
आणि तिथून बोलत राहतो.
दारवान त्याचा शब्द उंबऱ्याबाहेर नेत नाही.
पहिल्या वर्षी मी बँकेच्या फॉर्मवर
मैत्रिणीच्या सोफ्याचा पत्ता लिहिला होता.
खिडकीतली बाई गोड हसली होती. हा चालणार नाही, डिअर.

शेजारची पंगत मोकळी आहे.
बाळंतपणाची जुनी इमारत, सहा वर्षं बंद.
मधली भिंत काढली की दोन्ही मिळून एक.
मास्क सव्वीसचा पंचवीस करायचा:
आकडा एकाने उतरतो, जागा दुप्पट होते.
शिकताना हे वाचून
वही उलटी धरलीय का, ते पाहिलं होतं मी.

फर्गस टलक निवृत्त होताना एक तक्ता ठेवून गेला.
शेजारच्या सगळ्या ओळी कोऱ्या,
फक्त त्र्याण्णवसमोर: हलवू नका.
कारण नाही. खाली सहीपुरती दोन अक्षरं.

त्र्याण्णवला हाक मारली.
ओ आली. दोन मिलिसेकंदांत.

मग किल्ल्या, टॉर्च, दोन स्वेटर.
रिकाम्या कॉरिडॉरमध्ये माझ्याच बुटांचा आवाज,
भिंतीवर फिकट झालेले करकोचे.
टोकाच्या खोलीत एक छोटा फ्रिज,
आयांचं दूध ठेवायचा.
आत काहीच नाही. दिवा लागला.
दारावरचा तापमापक दर मिनिटाला
कुणालाच कळवतोय: चार अंश. चार अंश.

हलवायचा नव्हताच त्याला.
पत्ता तोच राहतो, भिंत मागे सरकते,
पण भिंत सरकलीय
हे त्याला येऊन सांगावं लागतं,
नाहीतर तो जुन्याच खोलीत राहिला असता.
गार बटणं दाबत मी सव्वीसचं पंचवीस केलं,
दारवानाचा नवा पत्ता दिला.

परत येऊन बाकीचं उरकलं.
त्रेसष्ट, जी कालपर्यंत हाक होती,
आणि चौसष्ट, जे दुसऱ्या पंगतीचं नाव होतं,
दोन्ही आता साधी पानं.
चार वाजून दहा. त्रेसष्टवर एक पंप येऊन बसला.
चौसष्टवर दुसरा.
ओडेटने फोनवर मोजले, चार, पाच,
सहावा यायला वेळ लागला,
तोवर आम्ही दोघी गप्प.

उजाडायला अजून चार तास.
तक्ता उघडला. फर्गसचं वाक्य खोडलं नाही.
त्याच चौकटीत पुढे लिहिलं:
पाहून आले. चार अंश.